इथेनॉलवर खापर फोडण्यापूर्वी बॉनेट उघडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुनी पेट्रोल गाडी गचके खाऊ लागली की आजकाल नाशिकच्या कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकच निदान ऐकू येते : वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने इंजिनाची वाट लावली. या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) इंजिनाला मिळणारे मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि ते आपोआप सुधारून घेणारा सेन्सर अशा गाडीत नसतो. एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा मिळत असल्याने मायलेजही घटते, आणि जुन्या रबरी नळ्या व सील फुगणे, टाकीच्या तळाची घाण सुटून फिल्टरमध्ये येणे हेही घडते. परंतु हे परिणाम सहसा हळूहळू जाणवतात आणि इंधनाचा दोष सगळ्याच सिलिंडरांना भोवतो. शनिवारपर्यंत नीट चालणारी गाडी रविवारी घरच्या घरी प्लग, वायरी आणि एअर फिल्टर बदलल्यावर सोमवारी थडथडू लागली असेल, तर ज्या भागाला शेवटचा हात लागला तिथूनच तपास सुरू करायला हवा.

सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांत डोकावणे हा माझा उद्योग झाला आहे. आमच्या इंदिरानगरातील एका गृहस्थांची नव्वदच्या दशकातील मारुती ८०० अशाच रविवारच्या दुरुस्तीनंतर सिग्नलला बंद पडू लागली होती. त्यांनी आधी पंप बदलला, मग कॉइल नवी टाकली, त्यानंतर कार्ब्युरेटरचे किट आणले, आणि दर वेळी आयडलिंगचा (उभ्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरावे हे ठरवणारा) स्क्रू आणखी थोडा आवळून गाडी कशीबशी चालू ठेवली. प्रत्यक्षात एअर फिल्टरचा डबा परत बसवताना त्याच्या मागची बोटाएवढीही जाड नसलेली व्हॅक्यूमची नळी निसटली होती आणि तिथून इंजिन जास्तीची हवा ओढत होते. इंजिन चालू असताना त्या उघड्या तोंडावर बोट ठेवताच सूं सूं आवाज थांबला आणि थडथड गेली. नळी बसवल्यावर मात्र इंजिन भलतेच जोरात फिरू लागले, कारण दोष झाकण्यासाठी पिळलेले स्क्रू तसेच होते. ते मूळ जागी आणण्यातच अर्धी सकाळ गेली. घरी दुरुस्ती करणाऱ्यांना मी कधीच नावे ठेवणार नाही. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी, स्क्रू फिरवण्यापूर्वी त्याचे आटे मोजून लिहून ठेवावेत आणि वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा, एवढी शिस्त त्यांनी पाळायला हवी. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांचा फायरिंग क्रम (ठिणगी पडण्याचा क्रम) १-३-२ असा, तर जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या चार सिलिंडरांचा १-३-४-२ असा असतो. दोन वायरींची अदलाबदल झाली तर कितीही महागडे पेट्रोल भरले तरी इंजिन सरळ चालणार नाही.

गाडी नेमकी कुठे रडते, हे पाहिले तरी बराच उलगडा होतो. नाशिकच्या द्वारका चौकातील कोंडीत उभी असताना थडथडते, पण वेग घेतल्यावर सुधारते, अशी गाडी बहुधा कुठून तरी जास्तीची हवा ओढत असते किंवा तिचा आयडलिंगचा जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) चोंदलेला असतो. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) मिटलेला असताना मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीतील) व्हॅक्यूम सर्वाधिक असतो, त्यामुळे बारीकशी गळतीही तेव्हा जाणवते. अशा वेळी चोक (हवा कमी करून मिश्रण जाड करणारी झडप) किंचित ओढून पाहावा. इंजिन सुधारले तर मिश्रण पातळ पडते आहे हे नक्की. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याचा प्रकार मात्र मी पाहिला आहे, आणि तो निव्वळ आत्मघातकी आहे.

याउलट सिग्नलला शांत उभी राहणारी, पण मुंबईहून येताना कसारा घाट चढताना मिसिंग करणारी (एखाद्या सिलिंडरात मिश्रण न पेटल्याने गचके खाणारी) गाडी बहुतेक वेळा करंटची तक्रार सांगत असते. भार वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. प्लग आवळताना पाना तिरका होऊन त्याच्या चिनी मातीच्या भागाला गेलेली केसासारखी भेग किंवा डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत नीट न बसलेली वायर तिथेच दगा देते. प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडावेत. सगळेच पांढरे पडले असतील तर मिश्रण पातळ आणि सगळेच काजळीने काळे असतील तर मिश्रण जाड समजावे. एकच ओला निघाला तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे.

टॅपेट सेटिंगबद्दलचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांत ठेवायच्या बारीक फटीबद्दलचा) एक गैरसमज तर गॅरेजवालेही जोपासतात. टॅपेटचा आवाज अजिबात येऊ नये म्हणून गॅप कमी ठेवला जातो. इंजिन थंड असताना काही कळत नाही, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि पुढे व्हॉल्व्हच जळतो. हलकी टिकटिक परवडते. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवणारा पट्टा) एक दात चुकून बसला तरीही गाडी सुरू होते, पण ओढत नाही. बेल्ट उघडलेला असेल तर खुणा पुन्हा जुळवून पाहणे हाच मार्ग.

स्कॅनरशिवाय बॉनेट न उघडणारे मेकॅनिक वाढत असताना जुन्या गाडीच्या मालकाकडे निदानाचे एक साधन आयतेच असते, ते म्हणजे पीयूसीची चिठ्ठी. मिसिंग असेल तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो. कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल तर मिश्रण जाड आहे. तो कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर पातळ मिश्रणाचा किंवा ठिणगीचा संशय घ्यावा. जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी ही तपासणी करावीच लागते, म्हणजे तुलनेसाठी मागची चिठ्ठी हाताशी असतेच. शहरातील पीयूसी केंद्रांनी 'पास' एवढाच शब्द उच्चारून चिठ्ठी हातात न ठेवता हे दोन आकडे मागच्या आकड्यांशेजारी ठेवून ग्राहकाला दाखवावेत, आणि परिवहन कार्यालयाने त्यांना तशी सूचना द्यावी, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक