गोळ्यांची उरलेली पट्टी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर माझा आवाज चढला, म्हणून लिहितेय. शिवाय फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

बाबा, मागच्या खेपेला तुमचा ड्रॉवर आवरताना लेव्हेटिरासिटॅमच्या, म्हणजे तुमच्या फिटच्या गोळ्यांच्या, पट्ट्या हाताला लागल्या. महिना संपला तरी 11 गोळ्या शिल्लक. सगळ्या सकाळच्या, हे नंतर आईने सांगितलं. ती गोळी घेतली की दुपारपर्यंत पेंग येते, पेपरसुद्धा वाचवत नाही. कारण अगदी खरं आहे. पण डॉक्टरांनी "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" विचारलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. आणि आई, तू तर वर "मीच देते की" म्हणालीस!

मग फिट का आली म्हणून त्यांनी मात्रा वाढवली. दुसरं काय करणार बिचारे? औषध लागू पडत नाहीये की पोटातच जात नाहीये, हे समोर बसून कसं कळावं? आता पेंग आणखी वाढेल, आणि ड्रॉवरमधल्या गोळ्याही.

वयाप्रमाणे मूत्रपिंडाचं काम मंदावतं आणि हे औषध बरंचसं तिथूनच बाहेर पडतं. त्यामुळे मात्रा कमी करता येते, औषध बदलताही येतं. फक्त ते डॉक्टरांनी करायचं. आपल्या मनाने एकदम सोडलं तर फिटवर फिट येऊ शकते.

आई, बाबा हल्ली एवढ्यातेवढ्यावरून भडकतात, असं तू मला तीनदा सांगितलंस. डॉक्टरांना एकदाही नाही. आपण वयावर ढकललं, पण चिडचिड हा या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. (सगळीच चिडचिड गोळीची नसेल, बाबा, ते आम्ही जाणतो.)

आणि "जरा चक्कर आली" म्हणणं सोडा. पक्षाघाताचा व्रण मेंदूत राहतो, त्यातून फिट येते. त्यात लाजण्यासारखं काय? चक्कर म्हटलं की डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतात. तुम्हाला त्यातलं काही आठवत नाही, बघितलंय ते आईने: तोंड डावीकडे ओढलं गेलं, हात उडत होता, नंतर बराच वेळ तुम्ही आज वार कोणता ते विचारत होतात. हे आईनेच सांगायचं, आणि जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा. चमचा मात्र पुन्हा तोंडात घालू नकोस गं. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. 5 मिनिटं उलटली तर थेट ॲम्ब्युलन्स.

पुढच्या तपासणीला मी येतेय. मध्ये बोलणार नाही, हवं तर बाहेर बसेन. तोवर डॉक्टरांना फोन करून सकाळच्या गोळीचं खरं काय ते सांगा. आणि त्या 11 गोळ्या टाकून देऊ नका. पट्टी आहे तशी पिशवीत ठेवा, त्यांच्या टेबलावर ठेवायची आहे.

तुमची,
धाकटी