शत्रूचा रणगाडा, आपला दारूगोळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांवर प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. मराठीत या विषयावर एवढ्या विस्ताराने क्वचितच लिहिले जाते, त्यामुळे लेखकाचे आणि आपलेही आभार. मात्र जिंकलेल्या देशांचे रणगाडे जर्मनीला फुकटात मिळाले आणि त्यांच्या बळावर तिचे चिलखती दळ पाहता पाहता फुगले, असा जो सूर त्या लेखात आहे तो मला पटला नाही. सार्वजनिक वाहतुकीच्या कार्यशाळेत नोकरी केलेल्या माणसाला ‘फुकट मिळालेले वाहन’ हा शब्दप्रयोगच संशयास्पद वाटतो. शत्रूचे चिलखती वाहन हाती लागणे आणि ते आपल्या सैन्यात लढण्याजोगे होणे यांच्यामध्ये लांबलचक आणि खर्चिक काम असते, आणि त्या कामात सर्वांत आधी अडतो तो दारूगोळ्याचा प्रश्न, एवढेच मला मांडायचे आहे.

याची सुरुवात पहिल्या महायुद्धातच झाली होती. नोव्हेंबर १९१७ मध्ये काँब्रेच्या लढाईत ब्रिटिशांनी चारशेहून अधिक रणगाडे उतरवले आणि त्यांतील बरेच जर्मनांच्या हद्दीत अडकून पडले. जर्मनांनी ते ओढून बेल्जियममधील शार्लरवा येथे नेले आणि तिथल्या कार्यशाळेत दुरुस्त केले. त्या काळात जर्मनीने स्वतः बांधलेले ए-७-व्ही रणगाडे अवघे वीस होते, म्हणजे जर्मन बाजूने लढलेल्या रणगाड्यांत ब्रिटिशांच्या कारखान्यातून निघालेलेच अधिक होते. ब्रिटिश रणगाड्याची तोफ ५७ मिलिमीटर व्यासाची होती. जर्मनांनी ती काढून तिच्या जागी बेल्जियममध्ये हाती लागलेली तोफ बसवली, आणि तिचा व्यासही ५७ मिलिमीटरच होता. वरवर पाहता हा खटाटोप निरर्थक वाटतो, परंतु नळीचा व्यास सारखा असला तरी दोन्ही तोफांची काडतुसे वेगळी होती. बेल्जियमची तोफ ए-७-व्हीवरही बसवलेली असल्यामुळे तिच्या गोळ्यांचा पुरवठा आधीपासून चालू होता, तर ब्रिटिश तोफेसाठी जर्मनांना ब्रिटिशांच्याच कोठारांवर विसंबून राहावे लागले असते.

दुसऱ्या महायुद्धातील सर्वांत यशस्वी उदाहरण चेकोस्लोव्हाकियाचे आहे आणि ते नेमके का यशस्वी झाले, हे त्या लेखात यायला हवे होते. मार्च १९३९ मध्ये जर्मनीने तो देश गिळला, तेव्हा तिला केवळ रणगाडे मिळाले नाहीत, तर ते बनवणारे कारखाने, नकाशे, साचे आणि कुशल कामगार यांच्यासह सगळी यंत्रणाच मिळाली. प्रागमधील कारखाना ‘३८ टी’ हा रणगाडा जर्मनांसाठी १९४२ पर्यंत बनवत राहिला, आणि त्याच सांगाड्यावरील वाहने तर युद्ध संपेपर्यंत बाहेर पडत होती. १९४० मध्ये जर्मन सेनापती रोमेलच्या सातव्या पँझर (म्हणजे चिलखती) डिव्हिजनने फ्रान्समध्ये जी मुसंडी मारली, तिच्यातील रणगाड्यांत मोठा वाटा या ‘३८ टी’चाच होता. त्याचाच थोरला भाऊ असलेल्या ‘३५ टी’ची कथा मात्र वेगळी झाली. त्याचे उत्पादन थांबले होते, सुटे भाग संपत आले होते, आणि त्याची यंत्रणा दाबाखालील हवेवर चालणारी असल्यामुळे रशियाच्या थंडीत ती गोठू लागली. सहावी पँझर डिव्हिजन १९४१ च्या उन्हाळ्यात हे रणगाडे घेऊन रशियात शिरली आणि वर्ष संपेपर्यंत ते जवळजवळ सगळे गमावून बसली. दोन्ही रणगाडे एकाच देशातले, दोन्ही एकाच वेळी मिळालेले, पण एकामागे चालू कारखाना होता आणि दुसऱ्यामागे नव्हता.

‘३८ टी’चा पुढचा अवतार तर तोफांच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. १९४१ मध्ये रशियन टी-३४ आणि केव्ही हे रणगाडे समोर आले, तेव्हा जर्मनांच्या हाताशी असलेल्या बहुतेक रणगाडाविरोधी तोफा त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरल्या. त्याच वेळी रशियनांच्या ‘एफ-२२’ नावाच्या ७६.२ मिलिमीटरच्या उत्तम तोफा मोठ्या संख्येने जर्मनांच्या ताब्यात आल्या होत्या. जर्मनांनी या तोफांचा कोठा, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, कोरून मोठा केला, जेणेकरून त्यांत अधिक दारू मावणारे, जर्मनीतच बनणारे लांब काडतूस बसेल, आणि मग ही तोफ चेक सांगाड्यावर चढवून १९४२ मध्ये ‘मार्डर ३’ हे वाहन तयार केले. सांगाडा चेक, तोफ रशियन आणि काडतूस जर्मन, अशी तीनशेहून अधिक वाहने बनली. मूळ रशियन काडतुसावरच ही तोफ चालवली असती, तर हाती लागलेला साठा संपताच तिचा आवाजही संपला असता.

फ्रान्समधून मिळालेल्या रणगाड्यांबद्दल लेखात बरेच कौतुक आहे. चिलखताच्या बाबतीत सोमुआ किंवा शार बी-१ हे रणगाडे तत्कालीन जर्मन रणगाड्यांना भारी होते, हे खरेच आहे. परंतु बहुतेक फ्रेंच रणगाड्यांच्या टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, एकच माणूस मावत असे आणि त्यानेच शत्रूवर लक्ष ठेवायचे, तोफ भरायची, नेम धरायचा आणि हुकूमही द्यायचे, अशी रचना होती. रेडिओ तर अनेकांत नव्हताच. जर्मनांची युद्धपद्धती रेडिओवर आणि कमांडरच्या मोकळ्या डोळ्यांवर उभी होती. म्हणून त्यांनी रेडिओ बसवले, टरेटवरची झाकणे बदलली, आणि एवढे करूनही यांतील बहुतेक रणगाडे पूर्व आघाडीवर न पाठवता युगोस्लाव्हियातील बंडखोरांविरुद्ध, नॉर्वेत आणि फ्रान्सच्याच किनाऱ्यावर पहाऱ्याला ठेवले. रेनॉ आर-३५ या छोट्या रणगाड्याची टरेट उतरवून त्यावर चेक बनावटीची ४७ मिलिमीटर तोफ बसवलेली १७४ वाहने तयार झाली आणि उतरवलेल्या टरेटही वाया न घालवता किनारी तटबंदीच्या काँक्रीटमध्ये बसवण्यात आल्या. शार बी-१ पैकी साठ रणगाड्यांवर ज्वालाफेकी यंत्रे चढवली गेली.

या साऱ्या प्रकरणात एक माणूस विशेष लक्षात राहतो. आल्फ्रेड बेकर हा मूळचा अभियंता आणि राखीव दलातील तोफखान्याचा अधिकारी होता. त्याने पॅरिसजवळ कार्यशाळा थाटून फ्रेंच तोफखान्याला रसद पोहोचवणाऱ्या लॉरेन ट्रॅक्टरवर जर्मन रणगाडाविरोधी तोफा आणि पहिल्या महायुद्धातील १५ सेंटिमीटरच्या हॉवित्झर, म्हणजे उंचावरून गोळा टाकणाऱ्या आखूड तोफा, चढवल्या. जून-जुलै १९४४ मध्ये नॉर्मंडीत काँ शहराच्या पूर्वेला ब्रिटिश रणगाड्यांना अडवणाऱ्या एकविसाव्या पँझर डिव्हिजनमध्ये बेकरच्याच हाताखाली फ्रेंच सांगाड्यांवरची अशी वाहने होती. पण हे साधायला बेकरसारखा माणूस, पॅरिसमधील चालू कारखाने आणि जवळजवळ तीन-चार वर्षांची उसंत लागली. आघाडीवर चिखलात उभ्या असलेल्या तुकडीच्या आवाक्यातले हे काम नव्हते.

उलट दिशेनेही हेच घडत होते, आणि त्याचा लेखात उल्लेख नसल्याचे आश्चर्य वाटले. स्टालिनग्राडनंतर रशियनांच्या हाती पँझर ३ या जर्मन रणगाड्याचे सांगाडे मोठ्या संख्येने आले. १९४३ मध्ये स्वर्डलोव्स्क येथील कारखान्यात त्यांच्यावर बंद चिलखती खोली बांधून तीत टी-३४ च्या तोफेच्या कुळातली ७६.२ मिलिमीटरची तोफ बसवली गेली, आणि ‘एसयू-७६ आय’ नावाची सुमारे दोनशे वाहने सैन्याला मिळाली. जर्मनांनी रशियन तोफेला जर्मन काडतूस दिले, तर रशियनांनी जर्मन सांगाड्याला रशियन तोफ दिली. दोन्हीकडे हिशेब तोच. इंजिन मात्र जर्मन आणि पेट्रोलवर चालणारे राहिले, त्याचे भाग कुठून आणायचे हा प्रश्न सुटला नाही, आणि वर्षअखेरीस हे उत्पादन बंद झाले. फिनलंडने रशियनांच्या बीटी-७ रणगाड्यांवर ब्रिटिशांची साडेचार इंची हॉवित्झर चढवून अठरा वाहने बनवली. ती १९४४ मध्ये व्हीबोर्गजवळ टी-३४ समोर आली, तेव्हा त्यांच्या गोळ्यांनी त्या चिलखताचे काही बिघडले नाही.

काही वेळा तोफ बदलावी लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी १९४१ मध्ये लिबियातील टोब्रुकपाशी ऑस्ट्रेलियन सैनिकांनी इटालियन रणगाड्यांवर मोठाले पांढरे कांगारू रंगवून ते तसेच लढाईत उतरवले, कारण इटालियन गोळ्यांचाही साठा त्यांच्याच हाती आला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेचिली येथे, जिथे आपली तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड वेढ्यात सापडली होती, रोमेलला ब्रिटिश सेनापतींची चिलखती कमांड वाहने मिळाली आणि त्याने त्यांतले एक स्वतःसाठी ठेवून घेतले. त्यावर तोफच नसल्याने गोळ्यांचा प्रश्नच नव्हता. आजच्या युक्रेनमध्ये दोन्ही सैन्ये टी-७२ च्या कुळातले रणगाडे आणि १२५ मिलिमीटरचा तोच गोळा वापरतात, त्यामुळे सापडलेला रणगाडा खुणा पुसून, नवा रंग देऊन थोड्याच काळात उलट दिशेला तोंड करून उभा राहतो. हे सोपे उदाहरण रोज दूरचित्रवाणीवर दिसत असल्यामुळे सगळीच उदाहरणे सोपी असतात, असा समज होत असावा.

खुणांचा विषय निघालाच आहे, तर कायद्याबद्दलही लिहितो, कारण शत्रूचे वाहन वापरणे हाच युद्धगुन्हा असल्याचे मी लोकलमधल्या चर्चेत अनेकदा ऐकले आहे. रणांगणावर हाती लागलेली शत्रुराज्याची शस्त्रे ही जिंकणाऱ्या राज्याची होतात आणि ती वापरण्यास मनाई नाही. १९०७ च्या हेग नियमावलीतील २३ वे कलम मनाई करते ती शत्रूचा ध्वज, सैनिकी चिन्हे आणि गणवेश यांच्या गैरवापराला. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या चढाईत ऑटो स्कॉर्झेनी या जर्मन अधिकाऱ्याच्या दलाने अमेरिकनांचा वेश घेण्याचा घाट घातला. त्यासाठी त्याला हवे होते अमेरिकन शेरमन रणगाडे. मिळाले अवघे दोन. म्हणून त्याला काही जर्मन पँथर रणगाड्यांनाच पत्रे ठोकून अमेरिकन रूप द्यावे लागले. १९४७ मध्ये त्याच्यावर खटला चालून तो निर्दोष सुटला, हा भाग वेगळा. पण जिंकलेले रणगाडे विपुल असतात या समजुतीला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

शत्रूच्या रणगाड्याला पुन्हा शस्त्रसज्ज करण्याचे सर्वांत पूर्ण उदाहरण मात्र इस्रायलचे आहे. १९६७ च्या युद्धात आणि नंतर १९७३ मध्ये इजिप्त व सीरियाचे टी-५४ आणि टी-५५ शेकडोंनी इस्रायलच्या हाती आले. सुरुवातीला गोळ्यांचाही साठा मिळाला असल्याने त्यांच्यावरील १०० मिलिमीटरची रशियन तोफ तशीच ठेवली गेली. पुढे ती काढून तिच्या जागी १०५ मिलिमीटरची पाश्चिमात्य तोफ बसवली, जी इस्रायलच्या सेंच्युरियन आणि पॅटन रणगाड्यांवरही होती, आणि मशीनगन व रेडिओही बदलले. आता तिन्ही रणगाड्यांना एकाच ट्रकमधून गोळे पुरवता येऊ लागले. ‘तिरान’ हे नाव घेतलेले हे रणगाडे जुने झाल्यावरही इस्रायलने त्यांना मोडीत काढले नाही. काहींची टरेट उतरवून, अमेरिकन डिझेल इंजिन बसवून आणि मागच्या बाजूने सैनिकांना उतरण्यासाठी वाट काढून त्यांतून ‘अख्झरीत’ हे सुमारे ४४ टनांचे चिलखती सैनिकवाहन घडवले.

आपल्याकडे विजयचिन्हे मिरवण्याची परंपरा जुनी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात जाऊन वाजू लागल्या. घंटेला गोळा लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत, म्हणून ती आजही वाजते. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तरला पाकिस्तानचे जे पॅटन सापडले, त्यांचे काय झाले हे या दृष्टीने पाहावे. त्या लढाईत पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले असे आपली सैन्यदले सांगतात, आणि अब्दुल हमीद यांना परमवीरचक्र मिळाले ते तिथेच. सापडलेले पॅटन भिखीविंडजवळ रांगेत उभे केले गेले, त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले, आणि पुढे ते देशभरातील छावण्यांच्या दारांत विजयचिन्हे म्हणून गेले. ते आपण वापरले का नाहीत, असा प्रश्न लोक विचारतात. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची होती, आपल्या सेंच्युरियनची वीस पाउंडी, म्हणजे ८४ मिलिमीटरची, आणि शेरमनची त्याहून निराळी. त्यात अमेरिकेने दोन्ही देशांना शस्त्रपुरवठा बंद केलेला. मूठभर रणगाड्यांसाठी निराळ्या गोळ्याची साखळी उभारणे तेव्हाच्या भारताला परवडणारे नव्हते आणि गरजेचेही नव्हते, कारण चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यातून विजयंता हा आपला रणगाडा यायचा होता. पुढे भारताने स्वतः विकत घेतलेल्या टी-५५ रणगाड्यांवरच विजयंताच्या जातीची १०५ मिलिमीटरची तोफ बसवली, म्हणजे हा हिशेब आपल्या सेनाधिकाऱ्यांनाही नीट ठाऊक होता.

माझी विनंती दोन प्रकारची आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मुंबईच्या शाळांच्या सहली जातात आणि मुले पॅटनसमोर छायाचित्रे काढून परत येतात. तिथल्या आणि छावण्यांबाहेरच्या अशा प्रत्येक विजयचिन्हाजवळ तोफेचा व्यास, गोळ्याची जात आणि तो रणगाडा कुठे, कसा निकामी झाला एवढी माहिती मराठीत लावण्यासाठी आपल्या वृत्तपत्राने संबंधितांकडे पाठपुरावा करावा. दुसरे म्हणजे, रणगाड्यांवर पुढे लेखमाला करणार असाल तर त्यातला एक तरी लेख सैन्याच्या ईएमई या वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या विभागातून निवृत्त झालेल्या एखाद्या अधिकाऱ्याकडून लिहून घ्यावा. लढाईत बंद पडलेले वाहन रात्री गोळीबाराखाली ओढून आणणारे आणि सकाळपर्यंत चालू करून देणारे असे लोक मुंबई-पुण्यात आहेत, आणि त्यांना अजून कोणी फारसे विचारलेले नाही.

आपला,
एक निवृत्त यांत्रिकी अभियंता
मुलुंड (पूर्व), मुंबई