मालवणच्या दादांना, आमच्या घरातल्या सगळ्या मशीनबद्दल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

माझं नवं मशीन, म्हणजे गेम खेळायचा कॉम्प्युटर, चालू झालं त्या दिवशी तुम्ही स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकून लगेच निघालात. आभार मानायला कोणी तोंड उघडलं की तुम्हाला नेमकं दुसरीकडे जायचं असतं, म्हणून लिहूनच सांगते. पत्र उघडं ठेवतेय, कारण देवगड, वेंगुर्ला, गुहागर, श्रीवर्धन, कुठेही समुद्राजवळ कोणी गेमिंग पीसी बांधायला बसलं असेल, तर तुम्ही मला शिकवलंत ते त्यालाही उपयोगी पडेल.

पीसीची यादी करायची म्हटली की सगळे ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात. मीही तशीच यादी घेऊन तुमच्या दुकानात आले. तुम्ही ती सगळी वाचलीत, चष्मा वर सरकवलात आणि विचारलंत, "घराक अर्थिंग आसा काय गो बाय?"

आमचं घर कातळावर. जांभ्यातलं अर्थिंग पावसाळ्यात बरं चालतं, पण एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की नुसतं नावाला उरतं. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलं होतं की कॉम्प्युटर असाच असतो असं घरात सगळे धरून चालले होते. तुम्ही कारण समजावून सांगितलंत. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला छोटे फिल्टर कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्याच येतात.

मग तुम्ही घरी आलात. पीसीचा प्लग काढून फेज आणि अर्थ यांच्यात मीटर लावलात, तर २२० च्या वर दाखवत होता. मला वाटलं, झालं, अर्थिंग आहे. तुम्ही काही न बोलता पिशवीतून होल्डर लावलेला १०० वॅटचा जुना बल्ब काढलात आणि त्याच दोन टोकांना जोडलात. बल्ब पेटलाच नाही. डिजिटल मीटरला करंट जवळजवळ लागत नाही, त्यामुळे कुजक्या जोडावरही तो आकडा दाखवतो. बल्बला मात्र अर्ध्या अँपिअरच्या जवळपास करंट हवा असतो. (हे काम जाणत्या वायरमननेच करावं, घरी कोणी करून बघू नये, हेही तुम्ही मला दोनदा बजावलंत.) खड्डा उकरला तर पाइपाला जोडलेली वायर खाऱ्या हवेने पार खाल्लेली. नवा खड्डा कुठे घ्यायचा ते तुम्ही मागीलदारी फिरून ठरवलंत: न्हाणीचं पाणी जातं त्या माडाच्या आळ्यात. तिथली जमीन मे महिन्यातसुद्धा ओली असते. त्या दिवसापासून मुंग्या बंद.

माझ्या यादीतला एकही पार्ट तोवर ठरला नव्हता, आणि मला वाटतं खरं मशीन तिथेच सुरू झालं.

पण तुमचं हे आजचं नाही. २००३ मध्ये बाबांनी पहिला कॉम्प्युटर घेतला तो 'एमएस-सीआयटी करायची' या कारणाने. पेंटियम ४, इंटेलच्या ८४५जीव्ही चिपसेटचा मदरबोर्ड, २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क आणि टेबल वाकवणारा सीआरटी मॉनिटर. एमएस-सीआयटी सकाळी, रोड रॅश आणि व्हाइस सिटी दुपारी. व्हाइस सिटी अडखळायला लागली तेव्हा मी तुमच्याकडे कार्ड मागायला आले. त्या चिपसेटला एजीपी स्लॉटच, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची खास खाच, नसते, हे तुम्ही बोर्ड उघडून दाखवलंत. एखाद्याने साध्या, हळू पीसीआय खाचेत बसणारं कार्ड गळ्यात मारलं असतं. तुम्ही रॅम वाढवून दिलीत आणि कार्डाचे पैसे पुढच्या मशीनसाठी जपायला सांगितलंत. तेव्हा मी शाळेत होते. 'कोण खेळणार, भाऊ का?' असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. गिऱ्हाईक म्हणून माझ्याशीच बोललात. ते मी कधी विसरले नाही.

त्याच मशीनवर खोडरबराची विद्या शिकले. जुलैमध्ये एक दिवस बटण दाबलं की नुसती लांब बीप, पडदा काळा. तुम्ही रॅमची पट्टी काढलीत, माझ्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर मागितलात आणि सोनेरी दातांवरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवलात. कागदावर काळपट भुकटी पडली. ती फुंकून न उडवता ब्रशने झाडलीत, कारण फुंकरीत थुंकीचा ओलावा असतो. पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' वाजल्या आणि विंडोज एक्सपीचा आवाज आला. आजही पावसाळ्यात कोणाचं मशीन बीप देत असलं की मी आधी खोडरबर शोधते.

२००९ चं मशीन म्हणजे कोअर टू ड्युओ ई७४०० प्रोसेसर, जी३१ बोर्ड, जीफोर्स ९५०० जीटी कार्ड. भावाने लॅमिंग्टन रोडवरून पार्ट घेतले आणि कोकणकन्येने कुडाळला उतरला. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस तुम्ही एका हातात धरलात, दुकानातला दुसरा माझ्या हातात दिलात आणि मग अदलाबदल केलीत. दोन्हींवर ४५० वॅटचं लेबल. "ह्यां हलकां लागता," एवढंच म्हणालात. आत तांबं आणि हीटसिंक कमी घातले की वजन कमी होतं. लेबलावरचा आकडा मात्र तसाच राहतो. फुकटचा एसएमपीएस तुम्ही लावू दिला नाहीत.

२०१४ चं मशीन माझं सगळ्यात लाडकं. आय५-४४६० प्रोसेसर आणि जीटीएक्स ७५० टीआय कार्ड. ते कार्ड ६० वॅटचं, म्हणजे स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटच्या आत. वेगळी पॉवर केबल लागत नव्हती. आमच्याकडच्या लाइटला तेच झेपणारं होतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते येणार म्हणून बातम्या सुरू झाल्या, तेव्हा तुमचा फोन आला: प्लग काढ, लॅन केबलही काढ, कॅबिनेट खिडकीपासून लांब आणि उंचावर ठेव. वादळानंतर बरेच दिवस अंधार होता. लाइट आल्या आल्या मशीन लावू नकोस, व्होल्टेज स्थिर होऊ दे, हेही तुम्हीच कळवलंत. तुमच्या स्वतःच्या दुकानाचे पत्रे उडालेले असताना तुम्हाला माझं कार्ड आठवलं, दादा.

त्याच सुमारास मायनिंगमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो नाणी कमवण्याच्या धंद्यामुळे, कार्डांचे भाव आभाळाला टेकले होते. मी थांबावं असं तुम्ही म्हणालात. सप्टेंबर २०२२ मध्ये एथेरियम या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग बंद झालं आणि वापरलेली कार्डं स्वस्तात यायला लागली, तेव्हाही तुम्ही "घाई कित्याक?" म्हणालात. दिवसरात्र तापलेले पंखे आणि थर्मल पॅड, वर आपली खारी हवा. अशा कार्डावर तुम्हाला माझे पैसे घालायचे नव्हते.

आता नव्या मशीनबद्दल. रायझन ५ ७६०० प्रोसेसर तुम्ही ज्या कारणासाठी निवडलात ते मला कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सापडलं नव्हतं. त्याच्या आत छोटे ग्राफिक्स असतात, म्हणजे कार्ड नसलं तरी पडद्यावर चित्र येतं. कार्ड वॉरंटीत पाठवायचं तर ते कुरिअरने मुंबईला जाणार आणि परत यायला आठवडे लागणार. तोवर मशीन बंद पडून राहायला नको. रायझन ५ ५६०० मध्ये ती सोय नाही. शिवाय तो ज्या एएम५ सॉकेटमध्ये बसतो त्याला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे बी६५० बोर्ड न बदलता पुढचा प्रोसेसर बसेल. कार्ड आरटीएक्स ४०६० घेतलं. ८ जीबी मेमरी पुढे कमी पडेल हे तुम्ही लपवलं नाहीत, पण माझा मॉनिटर १०८० पी आणि कार्ड ११५ वॅटचं. उरलेल्या पैशांतून चांगला ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस आणि नवा यूपीएस. मला हा हिशोब मनापासून पटतो. इथल्या घरात ज्या पार्टाकडे कोणी बघत नाही, त्यावरच आधी खर्च करायला हवा.

यूपीएसची परीक्षा तर मी जन्मभर लक्षात ठेवीन. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे करंट सुरळीत ओढणारं सर्किट, असतं आणि बॅटरीवर चालताना स्वस्त यूपीएसचं व्होल्टेज गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांचं असतं; काही जोड्या लाइट जाण्याच्या क्षणालाच दगा देतात. बॉक्सवर वाचून ते कळत नाही. तुम्ही यूपीएस घेऊन घरी आलात, मला गेम सुरू करायला लावलंत, आणि मी वळणावर गाडी घालतेय तोच भिंतीवरचं बटण बंद केलंत. यूपीएस किंचाळला. पडद्यावरची गाडी पुढे धावतच राहिली. तुम्ही पुन्हा पुन्हा तेच केलंत, आणि मगच यूपीएसचं बिल फाडलंत.

कॅबिनेटची काच मला आवडली होती, तुम्ही पुढे जाळी असलेलं घ्यायला लावलंत. फिल्टर पुढून ओढून निघतो, तांबडी धूळ नळाखाली धुता येते. आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एक जास्त ठेवलात, म्हणजे धूळ फटींमधून न शिरता फिल्टरमधूनच येईल. मागच्या रिकाम्या स्लॉटना एकूण एक पट्ट्या लावल्यात, पाल आत जाऊ नये म्हणून. हे मुंबईच्या पोराला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही, पण एसएमपीएसमध्ये चिकटून मेलेली पाल मी तुमच्याच टेबलावर बघितली आहे. पावसाळ्यात खेळायचं नसलं तरी रोज थोडा वेळ मशीन चालू ठेवते, आतला ओलावा सुकतो.

७५० टीआयचं मशीन भावाच्या मुलीला दिलंय. ती परवा विचारत होती, आत काय असतं ते बघू का. मी तिला तुमचं दुकान सांगितलंय, शनिवारी येईल. तिला एकदा उघडून दाखवा.

तपासायला आलात त्या फेऱ्यांचे पैसे तुम्ही अजून सांगितलेले नाहीत. "पैशे मगे दी" हे किती वर्षं चालणार? चतुर्थीला वहिनींना आणि मुलांना घेऊन घरी या. पाकीट तयार ठेवलंय, आणि आईने सांगितलंय की या वेळी जेवल्याशिवाय कोणाला उठू द्यायचं नाही.

तुमची,
कातळावरची बाय