ताई, ‘कुठला फायरफॉक्स?’ असं आधी विचारलंत त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोन ठेवताना घाईघाईत ‘थँक्यू’ म्हटलं खरं, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. लिनक्सवर ब्राउझर अपडेट होत नाही म्हणून अडलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांना मिळणारा सल्ला बहुतेकदा ठरलेला असतो: ही कमांड टाका, नाही चाललं तर ती टाका, तरी नाहीच झालं तर सगळं काढून नव्यानं बसवा. तुम्ही एकही कमांड सांगायच्या आधी विचारलंत, ‘‘तुमच्यासमोर आत्ता उघडा आहे तो फायरफॉक्स कुठला?’’

माझी तक्रार काय होती ते इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅड-ऑनपासून शब्दकोशापर्यंत फायरफॉक्स या ब्राउझरला वरून जोडलेली सगळी अ‍ॅड-ऑन अचानक बंद झाली होती. माझ्या लिनक्स मिंटचा अपडेट मॅनेजर मात्र ठामपणे सांगत होता की सिस्टीम अद्ययावत आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एपीटी हे प्रोग्राम बसवणारं आणि अपडेट करणारं साधन चालवलं तर तेही म्हणे, नवीन काही नाही. आणि मदत मेनूतून फायरफॉक्सची माहिती उघडली की तिथे आवृत्ती १२४, म्हणजे जुनी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हेच मला कळत नव्हतं. दिवसभराचं माझं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे जीव टांगणीला लागला होता.

अ‍ॅड-ऑन का बंद पडली हे तुम्ही आधी समजावलंत. फायरफॉक्समधलं एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ रोजी संपलं. १२८ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये, आणि दीर्घ मुदतीच्या ईएसआर शाखेत ११५.१३ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये, नवं प्रमाणपत्र नाही. त्यामुळे अ‍ॅड-ऑनच्या डिजिटल सह्या, म्हणजे खरेपणाच्या खुणा, तपासता येत नाहीत आणि ती बंद होतात. म्हणजे अ‍ॅड-ऑनमध्ये काही बिघडलं नव्हतं, एकेक काढून पुन्हा बसवण्यात काहीच अर्थ नव्हता. एवढं ऐकूनच माझी अर्धी काळजी मिटली.

मग तुम्ही पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, कोलन, ‘सपोर्ट’ असं टाइप करायला लावलंत आणि म्हणालात, ‘‘त्या लांबलचक पानावर ‘अ‍ॅप्लिकेशन बायनरी’ अशी एक ओळ असेल, ती मला जशीच्या तशी वाचून दाखवा.’’ मी वाचली. त्या ओळीची सुरुवात ‘ऑप्ट’ या फोल्डरपासून होत होती. तुम्ही लगेच म्हणालात, ‘‘हा एपीटीनं बसवलेला नाही.’’

हा संगणक माझ्याकडे येण्याआधी दुसरं कुणी वापरत होतं. त्या व्यक्तीनं फायरफॉक्सचा टारबॉल, म्हणजे फाइलींचा दाबून बांधलेला गठ्ठा, उतरवून ‘ऑप्ट’मध्ये उलगडून ठेवला होता. ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’खालच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये त्याची लिंक टाकली होती, आणि मेनूतल्या आयकॉनची फाइलही ‘लोकल’खालीच ठेवली होती. एपीटीनं बसवलेला खरा, ताजा फायरफॉक्स शेजारीच होता, पण ‘लोकल’मधल्या गोष्टींना आधी मान मिळतो. त्यामुळे आयकॉनवर क्लिक केलं काय किंवा टर्मिनलमध्ये नाव टाइप केलं काय, उघडायचा तो जुनाच. टर्मिनलमध्ये ‘व्हिच’ला ‘-ए’ जोडून फायरफॉक्स शोधायला तुम्ही सांगितलंत आणि उत्तरात एकाखाली एक दोन पत्ते आले. ‘एपीटी पॉलिसी’नं बसवलेली आवृत्ती आणि उपलब्ध आवृत्ती एकच दाखवली. अपडेट मॅनेजर खरं बोलत होता. तो सांभाळत असलेला फायरफॉक्स अद्ययावतच होता, फक्त मी वापरत होते तो दुसरा होता.

‘‘मग हा जुना स्वतःहून अपडेट का झाला नाही?’’ असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही घाईनं पुढे गेला नाहीत याचं मला फार अप्रूप वाटलं. टारबॉलमधला फायरफॉक्स स्वतःला अपडेट करू शकतो, पण ज्या फोल्डरमध्ये तो आहे तिथे लिहायची परवानगी वापरणाऱ्याकडे असली तरच. इथे फोल्डर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, मालकीचं, आणि ब्राउझर चालवणार मी साध्या खात्यातून. पॅकेजमधून आलेल्या फायरफॉक्समध्ये ती स्वतःची यंत्रणा मुद्दाम बंद ठेवलेली असते, कारण ते काम पॅकेज मॅनेजरचं, म्हणजे इथे एपीटीचं. घरात दोघं असावेत आणि दूध दुसरा आणेल असं दोघांनाही वाटावं, तसं झालं होतं. सगळं काढून नव्यानं बसवायचा सल्ला मी ऐकला असता तर एपीटीनं आधीच ठीक असलेला फायरफॉक्स काढून परत ठेवला असता, आणि आयकॉननं पुन्हा १२४ च उघडला असता.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो. तुमच्या सांगण्यावरून एपीटीवाला फायरफॉक्स पूर्ण पत्ता देऊन उघडला आणि समोर कोरा ब्राउझर आला. बुकमार्क नाहीत, पासवर्ड नाहीत, काहीच नाही. माझा आवाज कापला असणार, कारण तुम्ही लगेच म्हणालात, ‘‘काही गेलेलं नाही, सगळं डिस्कवर आहे.’’ २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सची प्रत्येक स्थापना स्वतःचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड वगैरे ठेवायचं फोल्डर, वापरते. नव्या फायरफॉक्सनं स्वतःसाठी रिकामं प्रोफाइल बनवलं होतं, माझं जुनं जागच्या जागी होतं.

इथे दुसऱ्या कुणी ‘जुनं प्रोफाइल निवडा आणि चालू करा’ म्हणून फोन ठेवला असता. तुम्ही आधी दोन्ही फायरफॉक्स बंद करायला लावलेत. मग होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दाखवायला सांगितलेत आणि नावाआधी टिंब असलेलं मोझिलाचं फोल्डर पूर्णच्या पूर्ण दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला लावलंत. ‘‘अर्धं नको,’’ हे दोनदा बजावलंत. पासवर्ड ‘लॉगिन्स’ नावाच्या जेसन फाइलमध्ये असतात, पण ते उलगडायची किल्ली ‘की-४’ नावाच्या डीबी फाइलमध्ये. एक घेतली आणि दुसरी राहिली तर हाती काही लागत नाही. बुकमार्क आणि इतिहास ‘प्लेसेस’ नावाच्या तिसऱ्याच फाइलमध्ये. आणि कॉपी आत्ताच का, तर नव्या आवृत्तीनं प्रोफाइल एकदा उघडलं की जुनी आवृत्ती ते घ्यायला नकार देते, नवं प्रोफाइल बनवा म्हणते. परतीची वाट बंद होण्याआधी तिची तजवीज तुम्ही करून ठेवलीत.

त्यानंतरचं काम सोपं होतं. ‘अबाउट’, कोलन, ‘प्रोफाइल्स’ या पानावर दोन नावं दिसली, जवळजवळ सारखी, एकाच्या शेवटी फक्त आकडा जास्त. नावावर न जाता फोल्डरचा पत्ता आणि त्यातल्या फाइलींच्या तारखा बघायला तुम्ही सांगितलंत. जुनं प्रोफाइल डीफॉल्ट केलं, फायरफॉक्स पुन्हा उघडला, आणि माझे बुकमार्क ओळीनं परत हजर झाले. अ‍ॅड-ऑनसुद्धा.

‘ऑप्ट’मधलं जुनं फोल्डरही तुम्ही लगेच पुसू दिलं नाहीत. आधी फक्त नाव बदला, लिंक आणि आयकॉनची फाइल काढा, काही दिवस वापरून बघा, मग पुसा. लिंक काढल्यावर टर्मिनलनं ‘अशी फाइल नाही’ म्हटलं तेव्हा मी पुन्हा दचकले. शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आधी सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं, नवं टर्मिनल उघडा, एवढं तुम्ही सांगितलंत आणि ते तसंच निघालं. मध्येच एपीटीनं लॉक (एका वेळी एकच काम चालावं म्हणून लावलेलं कुलूप) मिळत नाही अशी तक्रार केली होती, तेव्हाही लॉकची फाइल पुसायला तुम्ही साफ मनाई केलीत. मागे अपडेट मॅनेजरचं काम चालू होतं, ते संपू दिलं आणि लॉक आपोआप सुटलं. मला वाटतं, मदत करणाऱ्याची पारख अशाच ठिकाणी होते. पुसायला सांगणं सोपं असतं, आणि त्याचे परिणाम समोरच्याला एकट्यानं निस्तरावे लागतात.

तुम्ही माझा संगणक दुरून ताब्यात घेऊन हे सगळं झटपट उरकू शकला असतात. त्याऐवजी प्रत्येक ओळ मला वाचायला लावलीत, एंटर दाबण्याआधी ती काय करणार हे मला बोलायला लावलीत. माझे प्रश्न अगदी प्राथमिक होते, पण तुमच्या आवाजात एकदाही कंटाळा जाणवला नाही. त्याचं मोल मला परवा आणखी कळलं. माझ्या वहिनीच्या उबुंटूवर (हेही लिनक्सच) फायरफॉक्सचा अपडेट थांबला आहे, अ‍ॅप बंद करा, अशी सूचना सारखी येत होती. मी तिला तुमचाच प्रश्न विचारला, कुठला फायरफॉक्स? पत्ता ‘स्नॅप’ फोल्डरमधला निघाला. स्नॅप ही उबुंटूची प्रोग्राम बसवायची आणि अपडेट करायची वेगळी पद्धत. उबुंटू २२.०४ पासून तिथला फायरफॉक्स स्नॅप म्हणूनच येतो, आणि चालू असलेल्या अ‍ॅपचं अपडेट स्नॅप काही दिवस पुढे ढकलत राहतं. वहिनी लॅपटॉप कधी बंदच करत नाही, नुसतं झाकण मिटते, त्यामुळे फायरफॉक्स कायम उघडा. तो पूर्ण बंद केला, टर्मिनलमध्ये ‘स्नॅप रिफ्रेश’ चालवलं, आणि काम झालं. तिचे आभार मी तुमच्याकडे पोचवते आहे.

कॉपी केलेलं ते फोल्डर अजून जपून ठेवलं आहे. ‘ऑप्ट’मधलं जुनं मात्र काल पुसलं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी पत्ता मोठ्यानं वाचून.

मनापासून आभार, ताई.

तुमची ऋणी,
फोनच्या पलीकडून ओळी वाचून दाखवणारी