लाल दिव्याचे कारण न शोधता बल्बच काढून घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कूलंट तापमानाच्या इशारा दिव्याचे चुकीचे निदान, विनाकारण बदललेले भाग आणि न सांगता काढलेला बल्ब

महोदय,

माझी २२ वर्षांची गाडी दीड महिन्यात तीनदा आपल्या वर्कशॉपमध्ये येऊन गेली. तिन्ही वेळा तक्रार एकच होती : कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा लाल दिवा लागतो, पण इंजिन तापलेले नसते. तिन्ही जॉब कार्डांवर मात्र ‘इंजिन गरम होते’ असे लिहिले आहे. मी तसे एकदाही म्हटलेले नाही. सगळा घोळ त्या एका ओळीपासून सुरू झाला, असे माझे मत आहे.

पहिल्याच दिवशी मी काउंटरवर सांगितले होते की गाडी रात्रभर उभी असली तरी सकाळी चावी फिरवताच दिवा लागतो. बॉनेट गार, तापमानाचा काटा तळाशी. थोडे अंतर गेल्यावर तो आपोआप विझतो आणि एखाद्या खड्ड्यात चाक आपटले की पुन्हा लागतो. इंजिन तापायचे तर आधी ते सुरू तरी व्हायला हवे ना? सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनी मान डोलावली आणि थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) बदलून गाडी परत दिली. चार दिवसांत दिवा पुन्हा हजर. दुसऱ्या खेपेला वॉटर पंप, बेल्ट आणि नवे कूलंट. (कूलंट खरोखरच जुने झाले होते, त्याचे पैसे मी मागत नाही.) त्या दिवशी तर घरी पोचायच्या आतच दिवा लागला. तिसऱ्या खेपेला गाडी दोन दिवस ठेवून घेतली, ‘आता दिवा लागणार नाही’ असे सांगून ताब्यात दिली आणि जाता जाता, हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याची शंका आहे, लवकर काम काढून घ्या, असा सल्लाही दिला.

दिवा खरोखरच लागला नाही. नऊ दिवस मी निर्धास्त गाडी चालवली.

या गाडीत सेल्फ मारताना तापमानाचा दिवा क्षणभर लागतो, बल्ब शाबूत आहे हे चालकाला कळावे म्हणून. दहाव्या दिवशी लक्षात आले की तो लागतच नाही. डॅशबोर्डवरच्या मीटरचे दोन स्क्रू काढून ते पुढे ओढले. मागे बल्बचे होल्डर ओळीने बसवलेले आहेत, पाव वळसा दिला की हातात येतात. ऑइलचा बल्ब जागेवर, बॅटरीचा जागेवर, हँडब्रेकचाही जागेवर. तापमानाचा होल्डर नीट बसवलेला होता, आत बल्ब नव्हता.

तो आपोआप गळून पडत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. त्या नऊ दिवसांत एखादा होज फाटला असता तर मला सावध करणारे काहीच नव्हते. गाडी चालवताना कोणी सारखे काट्याकडे पाहत बसत नाही. लाल दिवा असतो तो त्यासाठीच. अ‍ॅल्युमिनियमचे हेड तापून वाकले असते, तर मग गॅस्केटबद्दलची आपली शंका आपोआपच खरी ठरली असती!

नवा बल्ब घातला. चावी फिरवताच दिवा लागला, इंजिन थंड असतानाच. पुढचे काम मी साध्या मल्टिमीटरने केले. एका दुपारचे काम होते. या गाडीत काट्याचा सेंडर (तापमान काट्याला कळवणारा भाग) वेगळा आणि दिव्याचा स्विच वेगळा. दोन्ही थर्मोस्टॅटच्या घराजवळ आहेत. दिव्याच्या स्विचला एकच वायर येते. कूलंट प्रमाणाबाहेर तापले की स्विच ती वायर इंजिनच्या बॉडीला जोडतो आणि दिवा लागतो. म्हणजे ती वायर वाटेत कुठेही उघडी पडून बॉडीला लागली तरी दिवा लागणारच, इंजिन गार असो की गरम. स्विचवरून वायर काढली. दिवा तसाच चालू. इथेच स्विच, थर्मोस्टॅट, पंप, गॅस्केट सगळे संशयातून सुटतात, कारण दिवा लावायला आता वायरीशिवाय कोणी उरलेच नाही. या तपासाला अर्धा मिनिट लागतो. आपल्या मेकॅनिकने तो केला असावा, दिवा विझत नाही हे पाहिले असावे आणि वायर शोधत बसण्यापेक्षा बल्ब काढणे सोपे वाटले असावे, असा माझा अंदाज आहे. चुकीचा असेल तर कळवावे.

मग चावी बंद करून मीटरमागचा सॉकेट सोडवला आणि ती वायर व बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला. सलग बीप, म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला लागलेली. इंजिनाच्या बाजूने वायरींचा जुडगा हाताने थोडा थोडा उचलत गेलो. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटजवळ पोचलो आणि बीप थांबला. तिथली प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती. जुडगा ब्रॅकेटच्या धारेवर टेकून घासत होता आणि बोटभर लांबीत आवरण जाऊन तांबे चमकत होते. क्लिप तुटल्याचा दोष मी आपल्याला देत नाही, गाडी जुनी आहे. पण पंप बदलताना आपले हात त्याच जागेवरून फिरले होते. वायरीवर स्लीव्ह चढवली, नवी क्लिप लावली. त्यानंतर स्विचकडचे टोक मुद्दाम बॉडीला टेकवून पाहिले : दिवा लागला, उचलले की विझला. तेव्हापासून दिवा फक्त सेल्फ मारताना लागतो.

जुन्या भागांपैकी मागून मागून फक्त थर्मोस्टॅट मिळाला. तो पातेल्यात पाणी घेऊन थर्मामीटरसह गॅसवर ठेवला. त्याच्यावर ८२ चा आकडा कोरलेला आहे. पाणी ८२ अंशांच्या आसपास येताच झडप सरकू लागली, उकळीपर्यंत पूर्ण उघडली आणि निवल्यावर घट्ट बसली. तो भाग निकामी नव्हता. पंपाबद्दल मी असे ठामपणे म्हणू शकत नाही, कारण तो आपण परत दिला नाही.

हेड गॅस्केटबद्दल : कूलंटची पातळी खाली गेलेली नाही, ऑइल दुधाळ झालेले नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही. कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू येतात का, याची चाचणी किंवा प्रेशर टेस्ट केली असेल तर तिची नोंद दाखवावी. तिसऱ्या जॉब कार्डावर तशी नोंद नाही.

माझ्या मागण्या अशा. थर्मोस्टॅट व वॉटर पंपाचे पैसे आणि दोन्हींची मजुरी परत मिळावी. जुना पंप द्यावा, किंवा तो का बदलला हे लेखी कळवावे. गॅस्केटचे निदान चाचणीसह सिद्ध करावे, नाहीतर लेखी मागे घ्यावे. आणि बल्ब कोणी, कोणाच्या सांगण्यावरून काढला, याचे उत्तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरकडून तोंडी नको, आपल्या सहीने हवे. माझ्यानंतर वर्कशॉपमधल्या त्याच जागेवर आणखी गाड्या चढल्या असतील, त्यांच्या मालकांना ते होल्डर तपासायला सांगावे असे मला वाटते.

पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे. गाडी पुन्हा तपासायची असल्यास मी घेऊन येईन. मात्र तपासणी माझ्यासमोर व्हावी.

आपला,
एक ग्राहक

सोबत : तिन्ही जॉब कार्डे व बिलांच्या प्रती, रिकाम्या होल्डरचा आणि घासलेल्या वायरीचा फोटो. जुना थर्मोस्टॅट माझ्याकडे जपून ठेवला आहे.