ओळीवर बोट ठेवायला शिकवणाऱ्या बाईंना

नाशिक, जुलै २०२५

आदरणीय बाईंना सादर नमस्कार.

नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात मला प्रवेश मिळाला, ही बातमी पेढे घेऊन आले तेव्हा आपल्याला दिलीच होती. त्या दिवशी "अभ्यास तू केलास" एवढेच म्हणून आपण विषय बदललात. तोंडी जे राहिले ते आता लिहून आणि उघडपणे सांगते आहे. उघडपणे अशासाठी, की दिंडोरी, निफाड, सिन्नरहून एसटीने नाशिकला येऊन क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या, मराठी माध्यमातल्या मुलामुलींना त्यातले काही उपयोगी पडावे.

क्लॅट इंग्रजीतून होते, आणि २०२० पासून तिचे स्वरूप उताऱ्यांवर आधारलेले आहे. साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा आणि त्याखाली प्रश्न. आता १२० मिनिटांत असे १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. कायदा, तर्क आणि चालू घडामोडी हे विभागही उताऱ्यांमधूनच विचारले जात असल्यामुळे वाचन कच्चे असेल तर त्याचा फटका सगळीकडे बसतो. मी जात होते त्या क्लासमध्ये आधी प्रश्न वाचून मग उताऱ्यात उत्तर शोधायला सांगत. मी तसे करी, आणि सराव चाचणीत इंग्रजीच्या २४ प्रश्नांपैकी ११-१२ च्या पुढे सरकत नसे. आपले इंग्रजीच कमी पडते, अशी समजूत करून घेऊन मी शब्दांच्या याद्या पाठ करत होते.

जून २०२४ मध्ये सार्वजनिक वाचनालयात आपण माझ्या हातातली प्रश्नपत्रिका पाहायला मागितलीत, तेव्हा ती समजूत पहिल्याच अर्ध्या तासात मोडली. तो उतारा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ च्या इंग्लिश निवाड्यातल्या तत्त्वावर होता: धोकादायक वस्तू आपल्या जागेत साठवणाऱ्याकडून ती निसटून नुकसान झाले तर तो जबाबदार असतो, मात्र दैवी आपत्ती किंवा तिऱ्हाइताचे कृत्य असे काही अपवाद त्याला मिळतात. प्रश्नातल्या कारखान्यातून तिऱ्हाइताच्या कृत्यामुळे वायू निसटला होता. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घातक उद्योगांसाठी असे अपवाद नाकारले, हे मी क्लासमध्ये शिकले होते, म्हणून मी कारखान्याला जबाबदार धरले. आपण एवढेच विचारलेत, "बोट ठेव. हे कोणत्या ओळीत आहे?" ती ओळ उताऱ्यात नव्हतीच. इंग्रजी मला समजले होते. मी उत्तर स्वतःच्या माहितीतून दिले होते, उताऱ्यातून नव्हे.

त्यानंतरचे पाच महिने आपण मला प्रत्येक उत्तरासाठी ओळीवर बोट ठेवायला लावलेत. पहिले तीन महिने घड्याळ बाजूला ठेवायला सांगितलेत, याची मला तेव्हा भीती वाटली होती, कारण सगळे जण वेगाबद्दलच बोलत असत. आपण मात्र एकेका परिच्छेदाशेजारी तो काय म्हणतो यापेक्षा तो काय करतो ते मराठीत दोन शब्दांत लिहायला सांगत होता: दावा मांडतो, आक्षेप सांगतो, सवलत देतो, उत्तर देतो. लेखक एखादे मत सविस्तर मांडतो ते स्वतःचे म्हणून की खोडून काढण्यासाठी, हे मला कधीच कळत नसे. आपण पूर्वपक्ष (खोडण्यासाठी मांडलेले मत) आणि उत्तरपक्ष (त्याला लेखकाने दिलेले उत्तर) हे दोन शब्द दिलेत, आणि लेखकाचा सूर विचारणारे प्रश्न मला सुटू लागले.

आणि ती अव्यये! आठवीच्या व्याकरणातली ही गोष्ट कायद्याच्या परीक्षेत कामाला येईल असे मला कोणी सांगितले असते तर पटले नसते. 'अनलेस' दिसले की त्या वाक्याचे 'असे झाल्याशिवाय तसे होणार नाही' असे मराठी करायचे. 'ऑलदो' दिसले की 'जरी' म्हणून त्याचा 'तरी' शोधायचा. आणि 'ओन्ली' दिसले की मराठीतला 'च' नेमका कोणत्या शब्दाला लावायचा ते ठरवायचे. हा 'च' चुकीच्या शब्दाला लावल्यामुळे माझी किती उत्तरे चुकत होती, ते चुकांच्या वहीत आजही दिसते. त्या वहीत चुकलेल्या प्रत्येक उत्तरासमोर माझा पर्याय खोडणारी उताऱ्यातली ओळ उतरवून काढावी लागे. "लक्ष नव्हते" हे कारण आपण एकदाही चालवून घेतले नाही. ऑक्टोबरमध्ये घड्याळ पुन्हा लावले तेव्हा वेग आपोआप वाढलेला होता, कारण तीच ओळ तीन-तीनदा वाचणे थांबले होते.

१ डिसेंबर २०२४ ला परीक्षा झाली. पुढे तिच्या काही उत्तरांवरून वाद होऊन तो दिल्ली उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला, त्या काळात मी फार अस्वस्थ होते. आपण धीराचे शब्द सांगत बसला नाहीत. वादातले प्रश्न काढून माझ्याबरोबर पुन्हा सोडवलेत आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे मला लिहायला लावलेत. वकील काय काम करतो ते मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसले.

बाई, आपण माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाहीत. शिकवणे हे आपले निवृत्तीनंतरचे कामही नव्हते; तरीही पावसात, रिक्षा मिळत नसताना, शालिमारपासून चालत आपण ठरलेल्या वेळी येत होता. त्या वेळांची मी मनापासून ऋणी आहे.

चुकांची वही वाचनालयात आपल्याकडे यंदा येणाऱ्या मुलीसाठी ठेवून जाते आहे. तिच्यातली शेवटची पाने कोरी आहेत.

आपली विद्यार्थिनी