मॅडम, तुम्ही गॅरंटी दिली नाहीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

मागावर बीम (सुताचा मोठा रूळ) चढवताना कंबरेत चमक भरली, त्याला तीन वर्षं झाली. कुणी म्हणे मणक्यांमधली गादी सरकली, कुणी म्हणे गॅप आलाय. तेल, पट्टा, गोळ्या सगळं झालं. मग एका ठिकाणी ‘तुमच्याच रक्ताचं इंजेक्शन, शंभर टक्के गॅरंटी’ ऐकलं. लगेच भिशी उचलली आणि केवळ बायकोच्या हट्टापायी आधी तुम्हाला दाखवायला आलो.

एमआरआय बघून तुम्ही म्हणालात, “काका, पैसे परत ठेवा. आधी तीन महिने व्यायाम.” राग आला होता, खोटं कशाला बोलू?

व्यायामानं थोडा उतार पडला, पण अर्धा तास बसणं जमेना. तेव्हा कुठं तुम्ही इंजेक्शनचा विषय काढलात. मोठ्या माणसाच्या गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, म्हणून ती लवकर भरून येत नाही, असं सांगितलंत. उजनीच्या कॅनॉलवर टेलला, पाणी पोचत नाही अशा शेवटच्या टोकाला, रान असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये जखम भरून आणणारे घटक असतात, तेच तिथं नेऊन सोडायचे. पण पुढचं कुणीच सांगितलं नव्हतं. अमेरिकेत २०१६ साली ४७ पेशंटवरच्या अभ्यासात फायदा दिसला, नंतरच्या एका छोट्या अभ्यासात मात्र नुसत्या सलाईनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, इंजेक्शनपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. क्वचित गादीत जंतुसंसर्गही होतो. “गुण येईल असं लिहून देणार नाही,” म्हणालात. विचार करायला पंधरा दिवस दिलेत आणि दुखण्याच्या गोळ्या थांबवायला लावल्या, त्या प्लेटलेट्सच्या कामात आड येतात म्हणून.

इंजेक्शनच्या दिवशी माझं रक्त मशीनमध्ये फिरताना बघितलं. आमच्या सूत गुंडाळायच्या कांडी मशीनची आठवण झाली. नळी बाहेर आली तेव्हा खाली लाल, वर करडईच्या तेलासारखं पिवळं. मग पालथा झोपवून एक्सरेच्या पडद्यावर बघत तुम्ही सुई घातलीत. गादीत दाब आला तेव्हा मी ओरडलो, त्याबद्दल माफी. “हेच ना ते रोजचं दुखणं?” तुम्ही विचारलंत. तेच होतं.

पहिला आठवडा वाईट गेला. दीड-दोन महिन्यांनी हळूहळू सुटत गेलं. इंजेक्शनमुळे, व्यायामानं की आपोआप, हे विचारलं तर तुम्ही हसून म्हणालात, “ते मलाही छातीठोक सांगता येणार नाही.” गॅरंटीवाल्याकडं गेलो असतो तर हे वाक्य ऐकायला मिळालं नसतं.

बीम आता पोरं उचलतात, मी माग बघतो. यंदा गड्ड्याला, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, नंदीध्वजामागनं अडुसष्ट लिंगांच्या वाटेला चालत गेलो. दोनदा कट्ट्यावर टेकलो, ते मात्र खरं. शेंगाची चटणी कंपाउंडरकडं दिलीय, बायकोनं उखळात कुटलेली. तिखट आहे, बेतानं खा.

आपला,
मागवाला पेशंट